सोंड दोघांनाही, पण एकीने पितात आणि दुसरीने पकडतात

या वेळी पिशवीत किड्यांचीच पत्रं जास्त निघाली. त्यातलं एक दापोलीकडचं पत्र मला इतकं आवडलं की उत्तर लिहिता लिहिता अर्धी जागा त्यानेच खाल्ली, बाकीच्यांनी जरा सांभाळून घ्या.

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही दापोली तालुक्यात राहतो, समुद्र घरापासून पंधरा मिनिटांवर. मुलगी सातवीत आहे, बाईंनी प्रोजेक्ट दिलाय की आपल्या आजूबाजूचे कणा नसलेले दोन प्राणी शोधा आणि तुलना करा. एक तिला वईतल्या मोगली एरंडावर मिळाला, हिरवागार, चमकणारा, पाठीवर काळे ठिपके. आम्ही भुंगाच समजलो पण हातात घेतल्यावर असा वास सुटला की दोनदा साबण लावून गेला नाही. दुसरा पौर्णिमेच्या ओहोटीला खडकात दगड उचलल्यावर दिसला, चॉकलेटी रंगाची, बुटाच्या नाडीसारखी वस्तू, हातभर लांब, हळूहळू सरकत होती. वाळू चिकटली होती म्हणून लेकीने बाटलीतलं प्यायचं पाणी तिच्यावर ओतलं तर तिने तोंडाकडून एकदम पांढरी शेवई बाहेर टाकली आणि ती शेवई पण वळवळायला लागली! सासूबाई म्हणाल्या जंत आहे, घरात आणू नका. मग इंग्रजी पुस्तक उघडलं तर दोन्ही चित्रांत प्रोबोसिस असाच शब्द. म्हणजे दोघांनाही सोंड, मग हे एकमेकांचे नातेवाईक का? आणि त्या शेवईला हात लागला तर काही होतं का?

उत्तर: शेवटचं आधी घेते कारण ते घाईचं आहे. हात लागला असेल तर साबणाने धुवायचा, धुवेपर्यंत डोळ्याला तोंडाला लावायचा नाही, एवढं पुरे. या प्राण्यांच्या अंगावरच्या बुळबुळीत थरात विष असतं, काही जातींत तर केंड माशात असतं तेच टेट्रोडोटॉक्सिन, त्यामुळे उचलून खेळायची वस्तू नाही ही, पण नुसता स्पर्श झाला म्हणून रात्रभर जागत बसायचं कारण नाही. आणि सासूबाईंना सांगा की जंत नाही, मात्र त्यांची शंका अगदीच हवेतली नाही. पोटातला जो चपटा लांब जंत असतो, पट्टकृमी, तो दिसायला साधारण असाच फितीसारखा. फरक असा की पट्टकृमीला तोंडही नसतं आणि आतडंही नसतं, आयता आपल्या आतड्यात बसून कातडीतून अन्न शोषतो. तुमच्या नाडीला तोंड आहे, सरळ आतडं आहे, दुसऱ्या टोकाला गुद आहे, आणि ती स्वतः शिकार करून खाते. याला रिबन वर्म म्हणतात, गटाचं नाव नेमर्टिया, जगभरात साधारण १३०० जाती, बहुतेक समुद्रात. मराठीत रुळलेलं नाव नाही, मी इथे समुद्रफीत म्हणते, बाईंनी नावं ठेवली तर माझ्यावर ढकला.

आता वईवरचा. तोही भुंगा नाहीच. भुंग्याच्या पाठीवर बरोबर मधून उभी फट असते, दोन झाकणं असतात, उडताना ती उघडतात. तुमच्या किड्याची पाठ नीट बघा, मधे फट सापडणार नाही, सगळी पाठ म्हणजे एकच अखंड ढाल. पंखांच्या मुळाशी एक त्रिकोणी तुकडा असतो तो या घराण्यात वाढत वाढत जातो आणि मोगली एरंडावरच्या या चमकणाऱ्या जातीत तर पार शेपटापर्यंत पोचून पंखच झाकून टाकतो. म्हणून इंग्रजीत शिल्ड बग, म्हणजे ढालकिडा. आपले शेतकरी या सगळ्या मंडळींना सरळ ढेकण्या नाहीतर ढेकूण म्हणतात आणि ते शास्त्राला धरूनच आहे, गादीतला ढेकूण याच गणातला. दोघांची ओळख एकच: चावायला जबडा नाही, भोसकून प्यायला चोच आहे.

आणि इथूनच तुमच्या खऱ्या प्रश्नाला हात घालता येतो. पुस्तकात दोघांना एकच शब्द लिहिलाय ना, त्या शब्दाने फसवलंय तुम्हाला. हत्तीची सोंड म्हणजे नाक आणि वरचा ओठ, फुलपाखराची सोंड म्हणजे वेगळंच काहीतरी, तोंडाकडे लांब दिसलं की माणूस सोंड म्हणून मोकळा होतो.

ढालकिड्याला उलटा करा (काचेच्या पेल्यात ठेवून खालून बघा, हातात नको, वासाचा अनुभव आहेच तुम्हाला) म्हणजे डोक्यापासून निघून पायांच्या मधे, छातीला चिकटून मागे दुमडलेली एक काडी दिसेल. ती नुसती म्यान आहे, चार पेरांची. तिच्या आत केसासारख्या चार सुया आहेत, आणि त्या सुया म्हणजे भुंग्याचे किंवा टोळाचे जबडे असतात ना, तेच जबडे लांब होऊन झालेल्या. आतल्या दोन एकमेकींत अशा बसतात की मधे दोन बारीक नळ्या तयार होतात, एकीतून लाळ खाली जाते, दुसरीतून रस वर येतो. खायची वेळ आली की किडा काडी खाली उभी करतो, सुया फळात सरकवतो, सुया आत गेल्या तसं म्यान कोपरात वाकतं आणि बाहेरच राहतं. लाळेने आतलं विरघळवायचं आणि डोक्यातल्या पंपाने ओढायचं. शहाळ्यात स्ट्रॉ घालतो तसं म्हणा, फक्त इथे स्ट्रॉ स्वतःच भोकही पाडते आणि खोबरंही पातळ करते.

म्हणजे ढालकिड्याची सोंड हेच त्याचं तोंड. ती चोवीस तास बाहेर असते, नुसती दुमडलेली.

समुद्रफितीची सोंड तोंड नव्हेच. एरवी ती दिसतसुद्धा नाही कारण ती अंगाच्या आत, आतड्याच्या वर, पाण्याने भरलेल्या एका स्वतंत्र लांबट पिशवीत ठेवलेली असते, आणि ठेवलेली कशी तर उलटी. शर्टाची बाही धुताना आत जाते ना, तशी. भक्ष्य जवळ आलं की पिशवीभोवतीचे स्नायू आवळतात, आतल्या पाण्याचा दाब वाढतो आणि बाही झटक्यात सुलट होऊन बाहेर फेकली जाते. परत आत घ्यायला शेवटाला एक स्नायू दोरीसारखा बांधलेला असतो, तो ओढून घेतो. काही जातींत ही सोंड अंगापेक्षाही लांब असते. तिच्यातून काही पीत नाहीत, गिळत नाहीत, ती फक्त हत्यार. तुमच्यासारख्या लांब नाडीवाल्या जातींत बहुतेक वेळा ती नुसती चिकट असते, समुद्रातल्या गांडुळासारख्या किड्याभोवती गुंडाळायची, विषाने गार करायचं आणि मग खरं तोंड उघडून अख्खं गिळायचं.

आता मग मुलीने पाणी ओतल्यावर काय झालं? कोणी शिकार नव्हती तिथे. झालं असं की बाटलीतलं पाणी गोडं. जन्मभर खाऱ्या पाण्यात राहिलेल्या, कातडीला काही कवच नसलेल्या प्राण्यावर गोडं पाणी पडलं म्हणजे त्याच्यासाठी मोठाच धक्का, आणि धक्का बसला की या फिती सोंड बाहेर टाकतात, कधी कधी ती तुटून पडते आणि तुटलेली पण काही वेळ वळवळत राहते, म्हणून तुम्हाला दुसरा प्राणी बाहेर आला असं वाटलं. फीत वाचली तर नवी सोंड येते तिला. मी एकदा रत्नागिरीकडे खडकात तासभर एका फितीसमोर बशी घेऊन बसले होते, समुद्राचंच पाणी, काहीही केलं तरी सोंड दाखवीना, आणि तुमच्या लेकीने एका बाटलीत काम केलं, पण परत करू नका हं, तिला भारी पडतं ते. दगड उचलला की जसा होता तसाच परत ठेवायचा, उलटा ठेवला तर खालचे सगळे उन्हात मरतात.

काही वर्षांपूर्वी मोबाईलवर एक व्हिडिओ फिरत होता, लालसर किड्याने पांढऱ्या मुळांचं जाळंच ओकलं, खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं, एलियन वगैरे. तीही समुद्रफीतच, तिच्या सोंडेला झाडाच्या मुळासारख्या फांद्या असतात एवढंच.

एक गोष्ट मात्र मला स्वतःला गमतीची वाटते. समुद्रफितींच्या दुसऱ्या एका गटात सोंडेच्या मध्यावर खरीखुरी सुई असते, आणि तिला पुस्तकात स्टायलेटच म्हणतात, ढेकण्याच्या सुईला म्हणतात तोच शब्द! सोंड उलटून बाहेर आली की ही सुई बरोबर टोकाला येते आणि भक्ष्याला टोचत सुटते. बाजूच्या छोट्या पिशव्यांत जादा सुया तयार असतात, शिलाई मशीनच्या डबीत असतात तशा, एक हरवली की दुसरी बसवायची. आणि ही सुई कॅल्शियम फॉस्फेटची, म्हणजे आपल्या हाडांच्या जातीच्या मालाची. ढेकण्याची कायटिनची, म्हणजे त्याच्या कवचाच्या जातीची. फितीच्या अंगात बाकी एक कठीण गोष्ट नाही, सगळं लिबलिबीत, आणि मधेच ही एक सुई. यातल्या काही जाती तर समुद्रातल्या छोट्या उड्या मारणाऱ्या कोळंबीसारख्या जिवाला टोचून, त्याच्या कवचातून आत शिरून आतला मगज शोषून घेतात, रिकामं कवच मागे टाकतात. म्हणजे शेवटी काम ढेकण्यासारखंच झालं की, फक्त शोषायला सोंड नाही वापरली, पोटच पुढे केलं.

नातं विचारलंत. प्राणी म्हणून दोघं लांबचे भाऊ, पण फाटे फुटून ५० कोटी वर्षांहून जास्त झाली. ढालकिडा ज्या कुळातला ते कात टाकून वाढणाऱ्यांचं कुळ, कवच घट्ट झालं की सोडायचं, नवं घालायचं. त्याचे जवळचे सोयरे म्हणजे कोळंबी आणि कुर्ली. समुद्रफीत कधीच कात टाकत नाही, ती तिसऱ्या, कालवं, माकूल, गांडूळ यांच्या बाजूची. तुमच्या घरी रविवारी कोळंबीचं कालवण आणि तिसऱ्यांचं सुकं एकाच वेळी होत असेल तर ढालकिड्याचे आणि समुद्रफितीचे नातेवाईक एकाच ताटात आले असं समजा. प्रोजेक्टमध्ये हे लिहायला हरकत नाही, बाई कोकणातल्या असतील तर मार्क वाढतील.

रक्ताचं एक लिहायलाच सांगा तिला. आपल्याला वाटतं पाय डोळे पंख असलेला किडा पुढारलेला आणि नाडी म्हणजे मागासलेली. तर ढालकिड्याचं रक्त अंगभर मोकळं पसरलेलं असतं, पाठीतलं हृदय ते नुसतं ढवळतं. समुद्रफितीचं रक्त आपल्यासारखं बंद नळ्यांतून वाहतं. तिला हृदय बहुतेक नसतं, नळ्याच आकसतात आणि फीत सरकली की रक्तही सरकतं. श्वासाचं उलट, किडा अंगाच्या बाजूच्या भोकांतून हवा नळ्यांनी थेट आत घेतो, फीत कातडीनेच काम भागवते. डोळे म्हणाल तर किड्याला दोन मोठे जाळीचे, फितीला नुसते काळे ठिपके, उजेड अंधार कळण्यापुरते, पण ते काही जातींत शेकड्यांनी असतात.

बाळपणावर मात्र मला जास्त लिहायचंय. ढालकिड्याची मादी पानामागे छोट्या पिंपांसारखी अंडी चिकटवून ठेवते, ओळीत, एकाला एक लागून. पिल्लं बाहेर आली की बऱ्याच जातींत लगेच पांगत नाहीत. आमच्या गॅलरीतल्या भेंडीच्या पानामागे मी हिरव्या ढेकण्याची पिल्लं बघितली, टाचणीच्या डोक्याएवढी, रिकाम्या टरफलांवर डोकी आत शेपट्या बाहेर करून गोल बसलेली, दुसऱ्या दिवशीही तिथेच, खायला काही घेत नव्हती. मला वाटलं आजारी आहेत. पण त्या वयात ती खातच नाहीत, आईने अंड्यांवर आपल्या पोटातल्या जंतूंचा लेप दिलेला असतो तो चोचीने चाचपून पोटात घेतात, ते जंतू नसले तर पुढे झाडाचा रस नीट पचत नाही. बाळंतविडा म्हणा हवं तर. मग पाच वेळा कात टाकून मोठा ढेकण्या.

आणि समुद्रफीत? लांब नाडीवाल्या बऱ्याच जातींत अंड्यातून फीत निघतच नाही, कानटोपीसारखं काहीतरी निघतं, दोन कानपट्ट्या खाली लोंबतायत अशी पारदर्शक टोपी, ती समुद्राच्या पाण्यात तरंगत बारीक शेवाळ गोळा करून खाते. टोपीच्या आत हळूहळू खरी छोटी फीत जुळत जाते, आणि पूर्ण झाली की बाहेर येते आणि बाहेर येता येताच टोपीला खाऊन टाकते! म्हणजे स्वतःच्याच बाळपणाला गिळून मोठी होते. १८४७ साली ही टोपी पहिल्यांदा वर्णन केली तेव्हा तो वेगळाच प्राणी समजून त्याला वेगळं नाव दिलं होतं, साहजिक आहे.

बाईंना तक्ता लागणारच, पाय किती डोळे किती वाला, तो द्या करून. पण तक्त्याच्या वर दोन सोंडांची दोन चित्रं मुलीला स्वतः काढू द्या, एक दुमडलेली आणि एक बाहीसारखी उलटलेली.

प्रश्न: ताई, लातूर जिल्ह्यातून लिहितोय. सोयाबीनवर हिरवे ढेकूण पडले की शेंगा पोचट राहतात म्हणून फवारणी करतो. यंदा त्यात तपकिरी रंगाचे, खांद्याला काटे असलेले ढेकूण पण दिसले. शेजारच्या दादांनी सांगितलं ते मारू नको, ते अळ्या खातात. ढेकूण अळी कसा खाईल?

उत्तर: दादा बरोबर बोलले, त्यांना चहा पाजा. ढालकिड्यांच्या घराण्यात बहुतेक शाकाहारी असले तरी एक शाखा मांसाहारी आहे आणि तुम्ही सांगताय तसा खांद्याला काटे असलेला एक आपल्याकडे सर्रास दिसतो, शास्त्रीय नाव इओकॅन्थेकोना फर्सेलाटा. चोच तीच, सुया त्याच, फक्त म्यान जरा जाड आणि ती खालीच नाही तर सरळ पुढे ताठ करता येते. अळीच्या अंगात सुया गेल्या की लाळेने ती गार पडते आणि आतून पातळ होत जाते. पाने खाणारी अळी चोचीच्या टोकाला लोंबतेय, ढेकण्यापेक्षा मोठी, आणि हा तिला घेऊन मागे मागे चाललाय, असं दृश्य शेतात शांत उभं राहिलं तर दिसतं.

ओळखायचं कसं तर खांदे आणि चोच बघा. हिरव्याचे खांदे गोल, चोच सुतासारखी बारीक. पण दोघांत घोटाळा करणारे तपकिरी शाकाहारी पण आहेत, त्यामुळे खात्रीचं लक्षण एकच, तो काय करतोय ते बघणं. शेंगेला डोकं लावून बसलाय की अळीला. फवारणी करायची का, कशाची आणि केव्हा ते तुमच्या कृषी सहाय्यकांना शेतात आणून विचारा, मी इथे बसून औषधाचं नाव सांगणं बरोबर नाही. एवढं नक्की की सरसकट फवारलं तर हा पण जातो आणि अळ्या मोकळ्या सुटतात.

आणि गंमत बघा, हाच किडा विदर्भात भंडारा गडचिरोलीकडे टसर रेशीमवाल्यांचा वैरी आहे. रेशमाची अळी पण शेवटी अळीच ना, त्याला काय कळणार ती कोणी हौसेने पाळलेली आहे ते.

प्रश्न: समुद्रातला रिबन वर्म ५५ मीटर लांब असतो, निळ्या देवमाशापेक्षा मोठा, असं मुलाने ठाण्यात क्विझमध्ये लिहिलं आणि मार्क कापले. खरं काय?

उत्तर: मार्क कापायला नको होते, पण पूर्णही देऊ नयेत असं माझं मत. गोष्ट १८६४ सालची, स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज. वादळानंतर किनाऱ्यावर एक समुद्रफीत वाहून आली, जात लिनियस लाँगिसिमस, म्हणजे नावातच सगळ्यात लांब. मॅकिंटॉश नावाच्या प्राणिशास्त्रज्ञांनी तिची नोंद केली. ती गुंडाळीसारखी होती, उलगडता उलगडता ३० यार्ड मोजून झाले, म्हणजे साधारण २७ मीटर, तरी अर्धीही सुटली नव्हती. त्यावरून ५५ मीटरचा आकडा आला. म्हणजे टेप लावून टोकापासून टोकापर्यंत मोजलेली ती लांबी नाही. शिवाय हा प्राणी रबरासारखा ताणतो, ओढला की लांब, सोडला की आखूड, मेलेला आणखीच सैल. एरवी मिळतात त्या ५ ते १५ मीटरच्या. जाडी मात्र जेमतेम बोटभर, सेंटिमीटरच्या आतली. निळा देवमासा ३० मीटरच्या आसपास.

वजनाला देवमासा, लांबीला फीत, पण फीत मोजणाऱ्याने ओढून मोजली का सोडून मोजली ते विचारायचं. कापडाच्या दुकानात आपण विचारतोच की.

याच जातीचं आणखी एक सांगते. तिच्या अंगावरच्या बुळबुळीत थरात काय आहे ते स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या मंडळींनी तपासलं, २०१८ साली छापून आलं. त्यात फक्त ३१ अमिनो आम्लांचं एक छोटंसं प्रथिन निघालं. ते खेकड्याला टोचलं, एका किलो वजनामागे साधारण एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, आणि खेकडा आखडून मेला. मग त्यांनी झुरळाला टोचलं, झुरळही तसंच. मज्जातंतूंमधली सोडियमची दारं हे विष उघडीच ठेवतं, आणि दारं खेकड्याची आणि किड्याची सारखी, सस्तन प्राण्यांची वेगळी, तिथे ते फारसं चालत नाही. वर मी म्हटलं ना, किडे आणि कुर्ल्या सोयरे, ते असं उपयोगाला येतं. समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या प्राण्याने जन्मात झुरळ बघितलं नसेल पण त्याच्याकडे झुरळाचं औषध तयार! माझ्या स्वयंपाकघरात हे कधी मिळणार ते विचारू नका.

औषधाचं आणखी एक, समुद्रफितीच्या दुसऱ्या एका जातीत अॅनाबेसीन या तंबाखूतल्या विषाचं भावंड सापडलं, अॅनाबेसेईन नावाचं, आणि त्यात फेरफार करून केलेलं एक रसायन अल्झायमरसाठी माणसांवर तपासूनही झालं. गोळी म्हणून दुकानात आलं नाही.

प्रश्न: मला कोथिंबिरीचा वास ढेकण्या चिरडल्यासारखा येतो. पुण्यात सगळे हसतात. माझंच नाक बिघडलंय का?

उत्तर: नाक चांगलं आहे, हसणाऱ्यांनाच हा अंक द्या. ढालकिड्याच्या वासात आणि कोथिंबिरीच्या पानात काही रसायनं खरंच एकच आहेत, अल्डिहाइड म्हणतात तो प्रकार, त्यातलं डेसेनल दोघांतही. काहींच्या नाकाला ते जास्त बोचतं. कोथिंबिरीचं जे युरोपीय नाव, कोरिअँडर, ते ग्रीक भाषेतल्या ढेकणाच्या नावावरून आलं असंही सांगतात, म्हणजे तुमच्यासारखे लोक फार पूर्वीपासून आहेत.

किड्याचा वास कुठून येतो तर मोठ्यांत मधल्या मागल्या पायांच्या मुळाशी पोटाकडून दोन छिद्रं असतात तिथून, पिल्लांत पाठीवरून. पंख आले की पाठ झाकली जाते म्हणून जागा बदलली असावी असं आपलं मला वाटतं. तो थेंब कातडीवर पडला तर पिवळसर डाग राहतो एखाद दिवस, डोळ्यात गेला तर झोंबतो, भरपूर पाण्याने धुवा आणि थांबलं नाही तर डॉक्टरांकडे जा. चिरडू नका, कागदावर घेऊन बाहेर टाका, घाबरला नाही तर तो वास सोडत नाही. आणि अरुणाचल प्रदेशात थंडीत नदीकाठच्या दगडांखालून असे ढेकण्ये गोळा करून चटणी करून खातात, आवडीने, त्यामुळे घाण वास कोणाला म्हणायचं हाही प्रश्नच आहे.

प्रश्न: (हे दापोलीच्या त्याच पाकिटात, वहीच्या पानावर पेन्सिलने) ताई, आईला माहीत नाही पण तो हिरवा किडा मी बरणीत ठेवलाय. साखरपाणी दिलं, पीत नाही. मरेल का? आणि नाडीला पण दोन तुकडे केले तर दोन होतात का?

उत्तर: आईला आता कळलंच असेल, सॉरी. साखरपाण्याचं असं की त्याला सुया खुपसायला काहीतरी लागतं, बशीतलं चाटायला त्याच्याकडे जीभ नाही. वईवरचं मोगली एरंडाचं हिरवं फळ देठासकट तोडून बरणीत ठेव, पण त्या बिया विषारी असतात, त्याला चालतात, तुला आणि घरच्या लहानांना नाही, चीक लागला तर हात धुवायचे. झाकणाऐवजी फडकं बांध. चार दिवस बघ आणि त्याच झुडपावर नेऊन सोड.

नाडीचं, बहुतेक जातींत शेपटाकडचं तुटलं तर डोक्याकडचा भाग नवं शेपूट करतो, पण नुसत्या शेपटाला नवं डोकं फुटणं हे अगदी थोड्या जातींना जमतं. त्यातली एक लिनियस सँग्विनियस, तिचे खरंच तुकडे केले तर तुकड्यागणिक फीत होते. तुझ्या नाडीची जात मला पत्रावरून कळत नाही, म्हणून ब्लेड घेऊन खडकात जायचं नाही.

त्यापेक्षा एक काम कर. तो किडा ज्या झुडपावर मिळाला त्याच्या पानांच्या मागे बघ, बारीक गोल अंडी चिकटलेली आहेत का. असतील तर न तोडता मोज. ढालकिड्याच्या मादीच्या पोटात दोन बाजूंना अंडी तयार करणाऱ्या सात सात नळ्या असतात, म्हणून बऱ्याच जातींत एका वेळेला १४ अंडी निघतात. तुझ्याकडे किती निघाली ते पेन्सिलनेच लिहून पाठव.